सरकार आणि मोठ्या कंपनीचं वाजलं की बातम्या कशा वाचायच्या

राज्य सरकार आणि एखादी मोठी कंपनी यांचं जुंपलं की पहिले चार दिवस सगळ्यांनाच मजा येते. मुख्यमंत्री माइकसमोर सांगतात कोणाचीही दादागिरी चालणार नाही, कंपनी एक पानाचं गुळमुळीत निवेदन काढते की आम्ही इथल्या कायद्याचा आदर करतो, आणि इकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात, एकाला कंपनी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच वाटते आणि दुसऱ्याला सरकार म्हणजे उद्योग पळवून लावणारे खंडणीखोर. मीही आधी असाच तावातावाने भांडायचो. मग एकदा जुनी चार भांडणं पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत वाचून काढली, एन्रॉनचं दाभोळ (कोकणातला वीज प्रकल्प), टाटांचं सिंगूर (पश्चिम बंगालमधला गाडीचा कारखाना), केरळातलं कोका कोलाचं प्लाचिमडा आणि अमेरिकेत फ्लोरिडा राज्याचं डिस्नेशी झालेलं भांडण, आणि लक्षात आलं की आपण ज्यावर भांडत होतो ते जवळपास सगळं बिनकामाचं होतं. तर अशी बातमी आली की मी काय काय बघतो ते सांगतो, क्रम अगदी असाच पाळायला हवा असं काही नाही.

सगळ्यात आधी, भांडण कागदावर कशावर चाललंय ते शोधा. भाषणात कशावर चाललंय ते नाही. या दोन गोष्टी बऱ्याचदा पूर्ण वेगळ्या असतात. डिस्नेचंच घ्या. मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडाने शाळांत लैंगिक ओळखीबद्दल शिकवण्यावर बंधनं घालणारा कायदा केला, डिस्ने आधी गप्प बसली, मग स्वतःचेच कर्मचारी चिडले म्हणून तेव्हाचे सीईओ बॉब चापेक यांनी उघड विरोध केला, आणि गव्हर्नर रॉन डिसँटिस खवळले. टीव्हीवर सगळी चर्चा त्या शाळेच्या कायद्यावर. पण सरकारने हात घातला कुठे, तर १९६७ सालच्या रीडी क्रीक नावाच्या एका खास जिल्ह्याला. डिस्नेच्या थीम पार्कची जी सुमारे २५ हजार एकर जागा आहे तिथे रस्ते, सांडपाणी, अग्निशमन, बांधकाम परवाने हे सगळं बघणारी एक स्वतंत्र संस्था होती आणि तिचं बोर्ड व्यवहारात डिस्नेच्याच मुठीत होतं. म्हणजे कंपनी स्वतःच स्वतःची नगरपालिका. एप्रिल २०२२ मध्ये विशेष अधिवेशन घेऊन तो जिल्हा बरखास्त करायचा कायदा झाला. आता तुम्ही शाळेच्या कायद्याच्या बाजूने असा नाहीतर विरोधात, पुढची दोन वर्षं जे काही झालं ते समजून घ्यायला तुम्हाला रीडी क्रीकचा कागद समजायला हवा, शाळेचा नाही.

आणि हे बघताना एक छोटं काम आवर्जून करा, भांडणाच्या आधीचे दोन-तीन वर्षांचे संबंध चाळा. फ्लोरिडात २०२१ साली सोशल मीडिया कंपन्यांना चाप लावणारा कायदा झाला होता, त्यात एक गमतीशीर सूट होती की ज्या कंपनीकडे २५ एकरांपेक्षा मोठं थीम पार्क आहे तिला हा कायदा लागू नाही!! कोणासाठी शिवलेला अंगरखा होता ते सांगायला नको. सही याच गव्हर्नरची. वर्षभरात भांडण झालं आणि ती सूट काढून घेतली. तेव्हा "आम्ही पहिल्यापासून कंपन्यांच्या विशेषाधिकारांच्या विरोधात" असं कोणी म्हणायला लागलं की जरा मागची पानं उलटायची.

दुसरं म्हणजे सही कोणाची आहे. आपण सरसकट सरकार म्हणतो पण करारावर सरकारची सही असतेच असं नाही. दाभोळमध्ये वीज विकत घेणार होतं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ, मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी होती, आणि राज्यानेही दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी. तीन पायऱ्यांची शिडी. वरच्या पायरीवरचा माणूस खालच्याने काय घोळ घातला ते बघत बसत नाही, त्याच्या दारात थेट बिल येतं. समोरची बाजूही तशीच, आपण एन्रॉन एन्रॉन म्हणायचो पण करार होता दाभोळ पॉवर कंपनीशी, तिच्यात सुरुवातीला एन्रॉनचा वाटा ८० टक्के आणि जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा १०-१० टक्के. पुढे एन्रॉन बुडाली तरी या दोघांचे दावे जिवंत राहिले, ते त्यामुळेच. सिंगूरमध्ये टाटा मोटर्सच्या समोर होतं पश्चिम बंगालचं औद्योगिक विकास महामंडळ. मंत्री बदलतात, महामंडळाचा शिक्का तोच राहतो, आणि लवादापुढे, म्हणजे करारातला वाद कोर्टाबाहेर मिटवणाऱ्या पंचांपुढे, शिक्का उभा असतो, मंत्री नाही.

सिंगूरचं तर सरळ म्हणायचं तर सरकार विरुद्ध कंपनी असं ते भांडण सुरुवातीला नव्हतंच. २००६ मध्ये बुद्धदेव भट्टाचार्य यांचं डावं सरकार आणि रतन टाटा एका बाजूला होते, सुमारे ९९७ एकर जमीन १८९४ च्या ब्रिटिशकालीन भूसंपादन कायद्याखाली घेतली, विरोधात होत्या ममता बॅनर्जी आणि जमीन द्यायला तयार नसलेले शेतकरी, ममतांनी डिसेंबर २००६ मध्ये २५ दिवस उपोषण केलं. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी गाशा गुंडाळला आणि नॅनो गुजरातेत साणंदला नेली. मग २०११ मध्ये ममताच मुख्यमंत्री झाल्या आणि मग खऱ्या अर्थाने राज्य विरुद्ध कंपनी सुरू झालं. तेव्हा बातमीत "राज्य सरकारने" असं आलं की कंसात मनातल्या मनात लिहायचं, कोणतं, आणि सही केली तेव्हा यातले कोण कुठे बसले होते.

आता पैसे. इथे मात्र जरा बैठक मारा कारण सगळं पाणी इथेच मुरतं.

दोन्ही बाजू आकडे फेकतात आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही आकडे खरे असतात. वीज प्रकल्पाचं उदाहरण घेऊ. समजा करारात असं आहे की तुम्ही वीज घ्या किंवा घेऊ नका, प्लांट तयार ठेवल्याबद्दल दरमहा १०० रुपये द्यायचेच, याला स्थिर आकार म्हणतात, आणि शिवाय प्रत्येक युनिटमागे इंधनाचे २ रुपये. तुम्ही १०० युनिट घेतले तर बिल होतं ३०० रुपये, म्हणजे युनिट पडलं ३ रुपयांना. पण तुम्ही २५ च युनिट घेतले तर? स्थिर १०० अधिक इंधनाचे ५०, दीडशे रुपये भागिले २५, म्हणजे युनिट ६ रुपयांना. आता मंत्री सभेत सांगणार ही कंपनी ६ रुपयांनी वीज विकून आपल्याला लुटतेय, आणि कंपनी जाहिरात देणार आमची वीज ३ रुपये. दोघंही खोटं बोलत नाहीयेत. विचारायचा प्रश्न एकच, हा दर किती युनिट घेतले असं धरून काढलाय?

दाभोळमध्ये नेमकं हेच झालं आणि मोठ्या प्रमाणावर झालं. १९९३ च्या डिसेंबरमध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना २० वर्षांचा वीज खरेदी करार झाला, निविदा न मागवता. जागतिक बँकेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता, आयात केलेल्या द्रवरूप वायूवर चोवीस तास एवढी महाग वीज बनवणं राज्याला परवडणार नाही असा त्यांचा सूर होता. करारात स्थिर आकार होता, किंमत डॉलरशी बांधलेली होती, इंधनाचा भाव वाढला तर तो ग्राहकाच्या डोक्यावर. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्था या खनिज तेलापासून निघणाऱ्या इंधनावर सुरू झाला, मग तेलाचे भाव चढले, रुपया घसरला, आणि वीज मंडळाने महाग वीज म्हणून कमी घ्यायला सुरुवात केली, की लगेच वरचं गणित सुरू, कमी घेतली म्हणून युनिट आणखी महाग, आणखी महाग म्हणून आणखी कमी. २००० साली काही महिन्यांत दर सात रुपयांच्याही वर गेला. यात कंपनी लबाड की मंडळ मूर्ख यावर लोक आजही भांडतात पण मेख त्या स्थिर आकाराच्या कलमात होती आणि ते कलम पहिल्या दिवसापासून करारात होतं.

म्हणून माझा एक नियम आहे, कुठल्याही करारात "घ्या किंवा न घ्या, पैसे द्याच" अशा धाटणीचं कलम आहे का ते आधी शोधायचं. विजेत असतं, पाण्यात असतं, टोल रस्त्यांमध्ये किमान वाहतुकीची हमी या नावाने असू शकतं. ते सापडलं की पुढची निम्मी भाषणं ऐकायची गरज उरत नाही.

पैशाचाच दुसरा प्रश्न, हे बंद पडलं तर कर्ज कोणाच्या गळ्यात. फ्लोरिडात जिल्हा बरखास्त करायचा कायदा झाला तेव्हा टाळ्या वाजल्या, दोन दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की रीडी क्रीकने रोखे काढून उभं केलेलं जवळपास १ अब्ज डॉलरचं कर्ज आहे, जिल्हाच राहिला नाही तर ते शेजारच्या ऑरेंज आणि ओसिओला काउंटीच्या करदात्यांवर येणार. शिवाय १९६७ च्या मूळ कायद्यातच राज्याने रोखेधारकांना शब्द दिला होता की कर्ज फिटेपर्यंत या जिल्ह्याचे अधिकार आम्ही कमी करणार नाही. झालं. बरखास्तीची तारीख होती १ जून २०२३, त्याच्या आत फेब्रुवारीत सरकारने वेगळाच कायदा आणला, जिल्हा ठेवला, कर्ज जिल्ह्याकडेच ठेवलं, फक्त नाव बदललं आणि पाच जणांचं बोर्ड गव्हर्नर नेमणार असं केलं. पहिल्या कायद्याच्या बातमीखाली अंमल कधीपासून ही ओळ ज्याने वाचली त्याला तेव्हाच कळलं असणार की मधल्या वर्षभरात काहीतरी होणार. अंमलाची तारीख लांबची असली की समजायचं सरकारने स्वतःसाठी पळवाट ठेवलीय.

मग बघायचं कोणाच्या हातात काय आहे. सरकारकडे दिसायला पुष्कळ असतं, परवाने, जमीन, पोलीस, विधानसभेतलं बहुमत. पण करारात लवादाचं कलम असेल, आणि तेही परदेशातल्या लवादाचं, तर सरकार करार रद्द करू शकतं, लवाद रद्द करू शकत नाही. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं, एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू ही प्रचारातली घोषणा अजून लोकांना आठवते, मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि फेरविचार समितीचे प्रमुखही तेच, ३ ऑगस्ट १९९५ ला प्रकल्प रद्द केल्याची घोषणा झाली. एन्रॉन काय रडत बसली नाही, लंडनमध्ये लवादाकडे गेली. राज्य इकडे मुंबई हायकोर्टात गेलं. आणि नोव्हेंबरपर्यंत दोघं परत वाटाघाटींना बसले.

कंपनीच्या हातात काय असतं तर मुख्य म्हणजे निघून जायची धमकी. पण सगळ्या कंपन्यांकडे ती सारखी नसते हे लक्षात घ्या. टाटा कारखाना उचलून साणंदला नेऊ शकले कारण गाडी कुठेही बनते. डिस्ने ती २५ हजार एकर उचलून कुठे नेणार? म्हणून तिने नेता येण्यासारखं होतं ते रोखलं, मे २०२३ मध्ये ऑरलँडोजवळच्या लेक नोना इथला जवळपास १ अब्ज डॉलरचा ऑफिस कॅम्पस रद्द केला, २ हजारांच्या वर नोकऱ्या कॅलिफोर्नियातून तिथे यायच्या होत्या. वीज प्रकल्पाचं तर विचारूच नका, खाडीकाठी रोवलेला प्लांट हलत नाही आणि वीज घेणारा गिऱ्हाईकही एकच. कंपनी म्हणाली आम्ही जातो, तर आधी बघायचं चाकं आहेत का.

तिसऱ्याच्या हातात काय आहे हेही बघा, म्हणजे राज्याच्या वर कोण. प्लाचिमडा आठवा. पालक्काड जिल्ह्यातल्या पेरुमट्टी पंचायतीच्या हद्दीत २००० साली कोका कोलाचा प्लांट सुरू झाला, विहिरींचं पाणी आटलं आणि खराब झालं अशी लोकांची तक्रार, पंचायतीने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं, मार्च २००४ मध्ये प्लांट बंद पडला. राज्याने नेमलेल्या समितीने २०१० मध्ये नुकसान २१६ कोटींच्या वर काढलं, २०११ मध्ये केरळ विधानसभेने भरपाईसाठी खास न्यायाधिकरण नेमायचं विधेयक मंजूर केलं, सगळं झालं, पण विधेयक राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी दिल्लीला गेलं आणि मंजुरी काही मिळाली नाही. विधानसभेत मंजूर झालं ही बातमी पहिल्या पानावर येते, पुढचं भिजत घोंगडं कोणी दाखवत नाही. म्हणून विधेयक मंजूर असं वाचलं की पुढचा प्रश्न, हे इथेच लागू होतं की अजून कोणाची सही लागते.

बारीक अक्षरांबद्दल एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी २०२३, फ्लोरिडाची विधानसभा नवा कायदा करतेय, जुन्या बोर्डाचे शेवटचे दिवस. ८ फेब्रुवारीला जुन्या बोर्डाने जाहीर सभा घेऊन, रीतसर पेपरात नोटीस देऊन, डिस्नेशी करार करून टाकले की विकासाचे बहुतेक अधिकार पुढची कितीतरी वर्षं कंपनीकडेच. गव्हर्नरने नेमलेलं नवं बोर्ड आलं आणि मार्चअखेर त्यांना कळलं की आपल्या हातात रस्ते दुरुस्तीच्या पलीकडे फारसं काही उरलेलं नाही. त्यातल्या एका कलमाची मुदत काय होती बघा, इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांच्या करारादिवशी हयात असलेल्या वंशजांपैकी जो सगळ्यात शेवटी मरेल त्याच्या मृत्यूनंतर २१ वर्षांपर्यंत!! फ्लोरिडातल्या झुल्यांचा आणि इंग्लंडच्या राजाचा काय संबंध, तर काही नाही, अनंतकाळापर्यंत चालणारे करार कायद्याला चालत नाहीत म्हणून वकील लोक एखाद्या मोठ्या आणि नोंदी असलेल्या घराण्याचं आयुष्य मोजपट्टी म्हणून वापरतात, ही फार जुनी युक्ती आहे. सगळ्या राज्याचं लक्ष भाषणांकडे होतं आणि खरा डाव पेपरातल्या जाहीर नोटिशीत छापून आला होता, कोणी वाचला नाही. तेव्हापासून मी कुठल्याही भांडणात अधिकार हस्तांतर होणार असं कळलं की आधीच्या महिन्याभरातल्या बैठकांचे अजेंडे शोधतो. कंटाळवाणं काम आहे. पण करावं.

कागद कुठून आणायचे असं कोणी विचारेल तर आपल्याकडे सरळ मार्ग तीन. वीज, दूरसंचार असल्या क्षेत्रात नियामक आयोगाचे आदेश वेबसाइटवर असतात, त्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं आणि आकडे येतात, पत्रकार परिषदेपेक्षा शंभरपटीने बरे. कोर्टाचे आदेश मिळतात. आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिने एक्सचेंजला दिलेली माहिती वाचा, कारण तिथे बढाई मारली तर सेबी मानगुटीवर बसते. टाटा मोटर्सच्या बाजूने सिंगूरचा लवाद लागला ते ३० ऑक्टोबर २०२३ ला अशाच एक्सचेंजच्या कागदातून बाहेर आलं, ७६५.७८ कोटी रुपये आणि त्यावर १ सप्टेंबर २०१६ पासून ११ टक्के व्याज. हिशोब करा, नुसतं व्याजच वर्षाला ८४ कोटींच्या घरात जातं. मथळ्यात ७६६ कोटी दिसले, व्याजाची ओळ किती जणांनी वाचली देव जाणे.

कोर्टाचा निकाल वाचताना तर फारच जपून. "कोर्टाचा कंपनीला दणका" म्हणजे नक्की काय? ३१ जानेवारी २०२४ ला फेडरल न्यायाधीश ॲलन विन्सर यांनी डिस्नेचा दावा फेटाळला. डिस्नेचं म्हणणं होतं आम्ही बोललो म्हणून सरकारने सूड घेतला, हा बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला. न्यायाधीशांनी सूड घेतलाच नाही असं कुठे म्हटलं नाही, त्यांचं म्हणणं एवढंच की गव्हर्नरविरुद्ध दावा करायचा कायदेशीर हक्क तुम्हाला पोचत नाही आणि कायदा वरवर घटनेला धरून असेल तर आमदारांच्या मनात काय होतं त्यावरून तो पाडता येत नाही. यात आणि "सरकार बरोबर होतं" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उलट सिंगूरमध्ये ३१ ऑगस्ट २०१६ ला सुप्रीम कोर्टाने थेट मुद्द्यालाच हात घातला, भूसंपादन बेकायदा ठरवलं आणि जमीन शेतकऱ्यांना परत करा म्हटलं. आणि तरीही सात वर्षांनी लवादाने टाटांना पैसे द्यायला सांगितलं. हे उलटसुलट वाटतं पण नाहीये, संपादन चुकीचं होतं हा प्रश्न शेतकरी आणि सरकार यांच्यातला, आणि आम्ही भाडेकरारावर भरवसा ठेवून पैसे घातले त्याचं काय हा प्रश्न कंपनी आणि महामंडळ यांच्यातला. एकाच जमिनीवर दोन भांडणं. निकाल कोणत्या भांडणाचा ते बघायचं.

कॅलेंडर शेजारी ठेवा, हे तर हवंच. डिसँटिस मे २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले, २१ जानेवारी २०२४ ला बाहेर पडले, आणि २७ मार्च २०२४ ला डिस्ने आणि जिल्ह्याचं बोर्ड यांच्यात समझोता. मी असं म्हणत नाही की यातून अमुक सिद्ध होतं, पण तारखा एका कागदावर उतरवल्या की डोळ्यांत भरतंच. एन्रॉनमध्येही एक तारीख आहे जी मला कायम हसवते आणि रडवते, वाजपेयींचं पहिलं सरकार १९९६ मध्ये १३ दिवस टिकलं, आणि लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाची चर्चा चाललेली असताना, राजीनाम्याच्या तोंडावर, त्या सरकारने दाभोळच्या प्रतिहमीला मान्यता देऊन टाकली.

आता तह. आपल्याकडे म्हणच आहे ना, युद्धात जिंकले आणि तहात हरले. भांडण मिटल्याची बातमी ही सगळ्यात नीट वाचायची बातमी, आणि तीच लोक सगळ्यात कमी वाचतात कारण तोवर कंटाळा आलेला असतो. जानेवारी १९९६ मध्ये दाभोळचा नवा सौदा जाहीर झाला, दर कमी केला म्हणून सरकारने पाठ थोपटून घेतली. पण आधीच्या करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होतं, नव्या सौद्यात तो गळ्यात बांधला गेला, आणि प्रकल्प २०१५ मेगावॅटचा होता तो २१८४ चा झाला. समुद्रात बुडवायला निघालेला प्रकल्प मोठा होऊन परत आला. तेव्हा तहाच्या बातमीत दर काय झाला एवढंच बघू नका, एकूण किती घ्यायचं ठरलं, किती वर्षं, आणि आधी ऐच्छिक असलेलं काही बंधनकारक झालं का ते बघा. डिस्नेच्या तहातही असंच आहे, वरवर डिस्नेने माघार घेतली, फेब्रुवारी २०२३ चे ते करार रद्द मानले, सगळे म्हणाले गव्हर्नर जिंकले. जून २०२४ मध्ये त्याच जिल्ह्याने नवा विकास करार मंजूर केला, डिस्ने पुढच्या १० ते २० वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणार आणि आणखी एक मोठं थीम पार्क बांधायची तिला मुभा. कोण जिंकलं तुम्हीच ठरवा, मला तर दोघंही खूश दिसले.

आणि तह टिकला का ते बघायला पुढची चार-पाच वर्षं नजर ठेवावी लागते. जानेवारी २००१ मध्ये वीज मंडळाने दाभोळवर उलट ४०१ कोटींचा दंड लावला, सांगितल्या वेळेत प्लांट पूर्ण क्षमतेला पोचत नाही म्हणून, फेब्रुवारीत कंपनीने थकलेलं बिल आधी राज्याच्या आणि मग केंद्राच्या हमीवर मागितलं, विलासराव देशमुखांच्या सरकारने करार तपासायला माधव गोडबोले समिती नेमली, मेमध्ये मंडळाने करारच रद्दबातल ठरवला आणि महिना संपायच्या आत प्लांट बंद. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली, ती तिच्या स्वतःच्या हिशोबातल्या भानगडींमुळे, आपल्या वीज मंडळामुळे नव्हे (हा गैरसमज मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय, अगदी अभिमानाने सांगतात). दुसऱ्या टप्प्याचं काम बहुतांश झालेलं होतं, ते तसंच गंजत पडलं.

ज्यांच्या दारात हे घडतं ती माणसं बातमीत शेवटच्या परिच्छेदात असतात, तो परिच्छेद आधी वाचायची सवय लावून घ्या. दाभोळ प्रकल्प मुळात दाभोळात नाहीच, दाभोळ खाडीच्या पलीकडे दापोली तालुक्यात, प्लांट अलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलला. अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांनी आंदोलनं केली, लाठ्या खाल्ल्या, १९९७ मध्ये ॲम्नेस्टी आणि १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनांनी त्यावर अहवाल काढले. पण या गावांची नावं किती जणांना माहितीयेत? ज्या बातमीत गावाचं नावही धड नाही ती बातमी मुंबईत बसून लिहिलीय एवढं ओळखावं.

एक शेवटची कामाची गोष्ट, नाव बदलतं हे लक्षात ठेवा, नाहीतर शोधताना हाती काही लागत नाही. दाभोळ पॉवर कंपनी शोधाल तर २००५ च्या आसपास सगळं संपल्यासारखं वाटेल, कारण त्या वर्षी एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी केली आणि मालमत्ता तिच्याकडे गेली. प्लांट २००६ मध्ये परत सुरू झाला, पुढे वायू मिळेना म्हणून २०१३ मध्ये पुन्हा थंडावला, मग रेल्वेला वीज द्यायला लागला, आणि वायू उतरवायचं टर्मिनल वेगळं काढून त्याची कोकण एलएनजी झाली. रीडी क्रीक शोधाल तर तेही २०२३ ला थांबेल, पुढचे सगळे ठराव सेंट्रल फ्लोरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट या लांबलचक नावाखाली आहेत. म्हणून फोनमध्ये एक नोट करून ठेवा, भांडणाचं नाव, करारावर सही करणाऱ्या दोन्ही बाजूंची नेमकी नावं, नवीन झालेलं नाव, आणि सहा महिन्यांनी परत बघायचा रिमाइंडर.